वाचकांचे प्रश्न : देशादेशांमधले अंतर कोणत्या गजाने मोजायचे?

मागच्या अंकात या सदरात, जागतिक बँक देशांचे कमी, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च उत्पन्नाचे असे चार गट कसे पाडते, याविषयी एक छोटे उत्तर दिले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. काहींनी आकड्यांवरच शंका घेतली, तर काहींनी आकडे मान्य करून त्यांमागची कारणे विचारली. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : मी बारा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहतो. येथे केस कापायला तीस डॉलर पडतात. गेल्या दिवाळीत साताऱ्याला आलो होतो, तेव्हा घराजवळच्या सलूनमध्ये शंभर रुपयांत तेच काम झाले, शिवाय डोक्याला तेलमालिशही झाली. भारताचे दरडोई उत्पन्न वर्षाला अडीच हजार डॉलर असल्याचे वाचतो, तर काही ठिकाणी तेच दहा हजार डॉलर छापलेले असते. दोन्ही आकडे जागतिक बँकेचेच असतील, तर खरा कोणता?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही खरे आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. २०२३ सालचे भारताचे देशांतर्गत उत्पादन लोकसंख्येने भागले आणि बाजारातील विनिमय दराने, म्हणजे डॉलरला सुमारे ८३ रुपये या भावाने, डॉलरमध्ये मांडले, तर माणशी अडीच हजारांच्या आसपास आकडा येतो. हाच भाव आपण सलूनला लावून पाहू. शंभर रुपये म्हणजे जेमतेम १ डॉलर २० सेंट. याचा अर्थ असा झाला, की न्यू जर्सीतल्या कारागिराचे काम साताऱ्यातल्या कारागिराच्या कामाच्या पंचवीस पट भरले. प्रत्यक्षात कात्री दोघांची सारखीच चालते आणि तेलमालिश तर तिकडे नाहीच. ही विसंगती काढून टाकण्यासाठी दोन्ही देशांत सारख्याच वस्तू व सेवा विकत घ्यायला किती पैसे लागतात, हे पाहून एक वेगळा दर काढतात. त्याला क्रयशक्ती-समानतेचा दर म्हणतात. त्या दराने डॉलर सुमारे वीस रुपयांचा होतो आणि भारताचे दरडोई उत्पन्न दहा हजार डॉलरच्या घरात जाते. अमेरिकेचे दरडोई उत्पन्न त्याच वर्षी ८२ हजार डॉलरच्या जवळपास होते. म्हणजे एका गजाने अंतर तेहतीस पट, दुसऱ्याने आठ पट. देश तेच, वर्ष तेच.

साताऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाला तिथल्या बाजारात काय परवडते, हे पाहायचे असेल तर दुसरा गज घ्यावा. पण खनिज तेल, विमाने किंवा परदेशातले शिक्षण विकत घ्यायचे असेल तर पहिलाच चालतो. आपला पुतण्या उद्या तिकडे शिकायला आला, तर त्याची फी कोणी डॉलरला वीस रुपयांच्या भावाने घेणार नाही. भारत क्रयशक्तीच्या हिशेबाने जगातील तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था आहे, असे अभिमानाने सांगताना ही अडचण बहुधा विसरली जाते. आणि एकूण आकाराच्या यादीत पहिल्या पाचांत असणारा आपला देश दरडोई उत्पन्नाच्या यादीत सव्वाशेच्या पलीकडे असतो, हे तर त्याहून सोयीस्करपणे विसरले जाते.

आता साताऱ्यात केस कापणे स्वस्त का, हा खरा गमतीचा भाग आहे. बेला बलासा आणि पॉल सॅम्युअलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचे उत्तर दिले. ज्या वस्तू बोटीत भरून परदेशी पाठवता येतात त्यांचा भाव सगळीकडे जवळजवळ सारखा राहतो. त्या वस्तू बनवण्यात श्रीमंत देशातील कामगाराची उत्पादकता कितीतरी जास्त असते, म्हणून त्याची मजुरी जास्त असते. केस मात्र बोटीतून पाठवता येत नाहीत. न्यू जर्सीतल्या कारागिराला सलूनमध्ये टिकवायचे, तर कारखान्यात किंवा गोदामात त्याला जे मिळाले असते त्याच्या आसपास पैसे द्यावेच लागतात. त्याच्या कात्रीला तीस डॉलर मिळतात ते शेजारच्या उद्योगांच्या उत्पादकतेमुळे. साताऱ्याच्या कारागिराला शंभर रुपये मिळतात, त्याचेही कारण त्याच्या सलूनच्या बाहेरच शोधावे लागते.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात ‘समान वस्तूंची टोपली’ असे शब्द येतात. आमच्या सोलापुरात रोजच्या जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते. अमेरिकेच्या टोपलीत ती असणार नाही. मग टोपली समान कशी? आणि हे आकडे चुकू शकतात का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी आयर्विंग क्रेव्हिस यांच्या पुढाकाराने देशोदेशीचे भाव गोळा करण्याचे काम सुरू केले. ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स हे त्यांचे सहकारी होते. आज तेच काम जागतिक बँकेच्या देखरेखीखाली दीडशेहून अधिक देशांत चालते. प्रत्येक वस्तूचे वर्णन बारकाईने लिहिलेले असते, म्हणजे नुसते ‘तांदूळ’ न म्हणता कोणत्या जातीचा, किती तुकड्याचा, सुटा की पिशवीबंद, हे सगळे. अडचण अशी, की वर्णन जितके काटेकोर करावे तितकी ती वस्तू दुसऱ्या देशात मिळेनाशी होते, आणि ते सैल सोडले तर आपण वेगळ्याच वस्तूंची तुलना करू लागतो. इथिओपियात रोजचे अन्न टेफ नावाच्या धान्याचे असते. ते थायलंडच्या बाजारात शोधून सापडणार नाही.

आपली ज्वारीच घ्या. अमेरिकेत ज्वारी मुख्यतः जनावरांना घालतात, आणि माणसांसाठी तिचे पीठ दळले की ते आरोग्यदायी म्हणून महागड्या दुकानात जाते. सोलापूरच्या घरातली वर्षाची ज्वारी अमेरिकेतल्या त्या पिठाच्या भावाने मोजली, तर ते घर बघता बघता सुखवस्तू ठरेल. उलट अमेरिकी घराची खरेदी आपल्या भावाने मोजली, तर वेगळेच उत्तर येईल. सर्वसाधारण नियम असा, की श्रीमंत देशाचे भाव वापरून गरीब देशाचा उपभोग मोजला की गरीब देश आहे त्यापेक्षा बरा दिसतो, कारण जी वस्तू जिथे स्वस्त असते तिथे लोक ती भरपूर वापरतात. म्हणून आता दोन्ही बाजूंच्या भावांची सरासरी काढून मधला रस्ता घेतात. तो सोयीचा रस्ता आहे, निसर्गाचा नियम नव्हे.

आकडे चुकतात का? चुकतात, आणि मोठ्या प्रमाणावर चुकतात. भाव गोळा करण्याच्या या कामाच्या २००५ च्या फेरीत चीन पहिल्यांदाच सहभागी झाला. ते निष्कर्ष बाहेर आले तेव्हा क्रयशक्तीच्या मापाने चीनची आणि भारताची, दोन्ही अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी लहान ठरल्या. एका रात्रीत कोणी गरीब झाले नव्हते. पुढे असेही लक्षात आले, की चीनमधले भाव ११ शहरांतून घेतले होते आणि खेड्यांतले स्वस्त भाव त्यांत पुरेसे आले नव्हते. नंतरच्या फेरीत आकडे पुन्हा बरेचसे वर सरकले. मापातला हा डळमळीतपणा अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी वारंवार दाखवून दिला आहे. आफ्रिकेतली उदाहरणे त्याहून बोलकी आहेत. २०१० मध्ये घानाने राष्ट्रीय उत्पन्नाचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे भाव आणि उद्योगांची यादी हिशेबाला धरतात ते वर्ष, १९९३ वरून २००६ वर आणले आणि उत्पादन ६० टक्क्यांनी वाढलेले दिसले. नायजेरियाने २०१४ मध्ये १९९० ऐवजी २०१० हे आधारवर्ष धरले, तेव्हा वाढ ८९ टक्के निघाली आणि तो देश दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडात पहिला झाला. मोबाइल कंपन्या आणि चित्रपट उद्योग आधीच्या हिशेबात जवळजवळ नव्हतेच.

या संदर्भात दादाभाई नौरोजींची आठवण होते. हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये आहे, असा अंदाज त्यांनी १८७० च्या दशकात मांडला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस, त्यामुळे केवळ आकडा देऊन थांबला नाही. त्यांनी शेजारी सरकारी अहवालांतला दुसरा आकडा ठेवला : तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च. तो त्या २० रुपयांहून जास्त निघाला. परदेशाशी तुलना न करता, माणसाला जगायला काय लागते याच्याशी केलेली ही तुलना होती, आणि आजची आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा मुळात तोच प्रश्न विचारते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष महालनोबीस होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. छाटणीला आलेल्या बायकांची मजुरी देशाच्या उत्पन्नात मोजली जाते, असे मुलाने सांगितले. मग मी पहाटेपासून घरात करते ते काम कुठे मोजतात? आणि उत्पन्न सोडून दुसरे काही मोजतच नाहीत का?
— एक शेतकरी महिला, ता. निफाड

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कुठेच नाही’ असे आहे, पण त्यात एक विचित्र बारकावा आहे. घरी खाण्यासाठी पिकवलेला गहू विकला नाही तरी राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. त्या गव्हाची पोळी करून वाढण्याचे श्रम मात्र धरत नाहीत. तेच पीठ खानावळीत मळले गेले की हिशेबात आले. भारत सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवतात, असे आढळले. स्त्रिया घराबाहेर कामाला लागल्या की घरातले काम बाजारात येते, आणि देशाचे उत्पादन खऱ्या वाढीपेक्षा थोडे जास्तच वाढल्यासारखे दिसते. गरीब आणि श्रीमंत देशांच्या तुलनेत हा फरक दडलेला असतो.

दुसरा प्रश्न जुना आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब १९३४ मध्ये तिथल्या संसदेपुढे ठेवताना, या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही, अशी ताकीद तो हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच देऊन ठेवली होती. आकडा सर्वांनी घेतला, ताकीद कपाटात राहिली. १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने मानव विकास निर्देशांक आणला. त्यात जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान, शालेय शिक्षणाची वर्षे आणि दरडोई उत्पन्न एकत्र करतात. उत्पन्न थेट घेत नाहीत, त्याचा लॉगॅरिदम घेतात. म्हणजे गरिबाच्या हजार रुपयांना श्रीमंताच्या हजार रुपयांपेक्षा जास्त वजन मिळते. २०१० पासून तिन्हींची बेरीज करून सरासरी काढण्याऐवजी गुणाकाराची सरासरी काढतात, त्यामुळे एका बाजूचा भरपूर पैसा दुसऱ्या बाजूची निरक्षरता सहज झाकू शकत नाही.

या मापाचा उपयोग इक्वेटोरियल गिनीसारख्या देशात दिसतो. तिथे १९९० च्या दशकात समुद्रात तेल सापडले आणि दरडोई उत्पन्न काही वर्षांत युरोपातल्या देशांच्या पंगतीला जाऊन बसले, पण आयुर्मान आणि शाळा तिथपर्यंत कधीच पोचल्या नाहीत. श्रीलंकेचे चित्र उलट आहे. २०२५ च्या अहवालात श्रीलंका ८९ व्या आणि भारत १३० व्या क्रमांकावर आहे, आणि हे श्रीलंकेचे दिवाळे वाजल्यानंतरचे चित्र आहे. माझे वैयक्तिक मत असे, की निर्देशांकापेक्षा त्याचे तीन घटक सुटे पाहावेत. आयुर्मान, शाळा आणि उत्पन्न यांची मोट बांधून निघालेल्या भारताच्या ०.६८५ या आकड्यावरून काय सुधारायचे, ते कोणालाच कळत नाही.

प्रश्न : माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. ते सांगत, की मशीन विलायतेतून आलेली, मँचेस्टरला होती तशीच. मग मशीन सारखी असताना मँचेस्टर श्रीमंत आणि आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, असे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या वडिलांचा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे छळत आला आहे. मुंबईत १८५० च्या दशकात ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली गिरणी उभी राहिली तेव्हापासून यंत्रे प्रामुख्याने लँकेशायरहून येत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव असलेली यंत्रे मुंबईत सर्वांच्या ओळखीची होती. यंत्रांबरोबर इंग्रज तंत्रज्ञही येत. भांडवल आणि तंत्रज्ञान पोचले की श्रीमंती मागोमाग येते, हे खरे असते तर गिरणगावाने शंभर वर्षांपूर्वीच मँचेस्टरला गाठायला हवे होते.

ग्रेगरी क्लार्क या अर्थइतिहासकाराने १९८७ मध्ये १९१० च्या सुमाराच्या जगभरच्या सूतगिरण्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जेवढे काम काढत होता, तेवढ्याला ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत दोनाहून थोडे जास्त आणि भारत, चीन, जपान, ग्रीस येथे जवळजवळ सहा कामगार लागत. यंत्रे बहुतांश त्याच पद्धतीची होती. साधे माग घेतले, तर न्यू इंग्लंडचा विणकर आठ साचे सांभाळी, लँकेशायरचा चारच्या आसपास, आणि मुंबईचा दोन.

याचे कारण आळस, असे म्हणणारे तेव्हाही होते. दुसरे म्हणाले, की आपला कापूस आखूड धाग्याचा, सूत सारखे तुटते, मग दोनपेक्षा जास्त साच्यांकडे कोण बघणार? त्यात तथ्य आहे, पण एवढ्या मोठ्या फरकाला ते पुरत नाही. आपण साचेखात्यातल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहू. तो रत्नागिरीहून किंवा घाटावरून आलेला. नोकरी जॉबरने, म्हणजे मुकादमाने, लावलेली. खोलीत गाववाले, त्यांतले दोघे बदली कामगार, रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहणारे. त्याने तीन साचे घेतले, तर ज्याचे काम जाणार तो त्याच खोलीत झोपणारा. मालकाने मजुरी थोडी वाढवून देऊ केली, तरी ही वाढ बाहेर पडलेल्या माणसाला खाऊ घालण्यातच जाणार. १९२८ मध्ये मालकांनी जादा साचे आणि कामाची नवी पद्धत लादायचा प्रयत्न केला, तेव्हा मुंबईत सहा महिने संप चालला आणि त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिकडे मालकालाही फार घाई नव्हती, कारण माणूस स्वस्त होता. याच काळात जपानच्या गिरण्यांनी वसतिगृहात ठेवलेल्या, कंत्राटाने बांधलेल्या तरुण मुलींकडून उत्पादकता भराभर वाढवून घेतली. ते चित्र पाहून जपानचे कौतुक कोणत्या शब्दांत करावे, असा प्रश्न मला तरी पडतो.

मला यातून एवढे दिसते : यंत्र एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, पण त्याच्या भोवतीची माणसे, त्यांची भीती, त्यांना दुसरीकडे काम मिळण्याची आशा, मुकादमाची सत्ता, मालकाचे सवयीचे व्यवहार, हे सगळे जागच्या जागी राहते. साताऱ्याच्या सलूनबद्दल वर लिहिले तेच येथे उलट्या बाजूने आले आहे. गिरणीत माणूस किती काम करील, हे गिरणीबाहेर त्याला काय मिळू शकते यावर ठरत होते.

हा इतिहास झाला असे वाटत असेल, तर तारापूरकडे पाहावे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव येथील मोठ्या कापड कारखान्यांवर एक प्रयोग केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना सल्लागारांनी पाच महिने फुकट मदत केली, काहींना नाममात्र. मदत म्हणजे नवे यंत्र नव्हे. सुताचे गठ्ठे कोणत्या रंगाचे, किती, कुठे ठेवले याची नोंद. यंत्र बंद पडले तर का, ते रोज लिहून ठेवणे. कापडातले दोष प्रकारानुसार मोजणे. जमिनीवरचा कचरा आणि पडलेली हत्यारे उचलणे. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी आधीच हे का केले नाही? बऱ्याच गोष्टी त्यांना माहीतच नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांचा उपयोग होईल असे वाटत नव्हते. आणखी एक गोष्ट सापडली, ती आपल्याकडच्या कोणालाही लगेच पटेल. कारखान्यांचा आकार मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावर बराच अवलंबून होता. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती किल्ल्या द्यायचा विश्वास नसल्यामुळे, जेवढे मुलगे आणि पुतणे तेवढीच खाती. चोरी झाली तर कोर्टात निकाल कधी लागेल, या शंकेने आकाराला लागलेली ही मर्यादा कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात वेगळी दिसत नाही.

प्रश्न : दक्षिण कोरिया आणि घाना १९६० मध्ये सारखेच गरीब होते, असे स्पर्धा परीक्षेच्या टिपणात वाचले. मग फरक संस्कृतीचा की भूगोलाचा?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार १९६० मध्ये दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न १५८ डॉलर होते, घानाचे त्याहून थोडे जास्तच, आणि भारताचे ८० डॉलरच्या वर जेमतेम. २०२३ मध्ये कोरिया ३० हजारांच्या पुढे आहे आणि घाना सव्वादोन हजारांच्या आसपास. टिपण बरोबर आहे, पण ‘सारखेच गरीब’ हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो. उत्पन्न सारखे असले तरी दोन्ही देशांच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी होत्या.

कोरियात १९५० च्या आसपास जमीन सुधारणा झाल्या आणि तीन हेक्टरची कमाल मर्यादा घातली गेली. जमीनदार वर्ग मोडला. १९६० पर्यंत बहुतेक मुले प्राथमिक शाळेत जात होती. म्हणजे उत्पन्न कमी, पण ते वाढवण्याची सामग्री जमलेली. १९६१ नंतर पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीने स्वस्त कर्ज निर्यातीशी बांधले. सुरुवातीची निर्यात काय होती, हे पाहण्यासारखे आहे : प्लायवूड, कापड आणि केसांचे टोप. निर्यातीचे लक्ष्य चुकले की कर्ज आटे. जपानशी १९६५ मध्ये झालेल्या करारातून आलेला पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला, १९७३ मध्ये तिथे पोलाद निघू लागले. कामगारांना संघटना करण्याचे स्वातंत्र्य नव्हते, आणि अमेरिकेची मदत व बाजारपेठ पाठीशी होती. ही दोन्ही वाक्ये कोरियाचे गुणगान करणाऱ्या लेखांत सहसा सापडत नाहीत.

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगात सर्वाधिक कोको पिकवत होता. सरकारी मंडळ शेतकऱ्याकडून ठरावीक भावाने कोको घेई आणि जागतिक भावातला फरक सरकारकडे जाई. स्वतंत्र घानाचे पहिले नेते एन्क्रुमा यांना त्या पैशातून कारखाने आणि व्होल्टा नदीवरचे अकोसोम्बो धरण उभे करायचे होते. कल्पना वाईट नव्हती. कोरियानेही शेतीला पिळूनच सुरुवात केली. पण १९६० च्या दशकात कोकोचे भाव कोसळले, धरणाच्या विजेवर चालणारा टेमाचा ॲल्युमिनियम कारखाना देशातले बॉक्साइट न वापरता बाहेरून आणलेल्या ॲल्युमिनावर चालला, आणि पुढच्या सरकारांनी चलनाचा दर कृत्रिमरीत्या इतका चढा ठेवला, की शेतकऱ्याला कोको रातोरात सरहद्दीपलीकडे आयव्हरी कोस्टला नेणे परवडू लागले. १९८३ मध्ये दुष्काळ, वणवे आणि नायजेरियातून हाकलून दिलेले सुमारे दहा लाख घानावासी, असे सगळे एकदम कोसळले. एन्क्रुमांचे सल्लागार राहिलेले आर्थर ल्युइस यांना पुढे १९७९ मध्ये विकासाच्या अर्थशास्त्रासाठी नोबेल मिळाले, म्हणजे चांगल्या सल्ल्याची उणीव होती असेही म्हणता येत नाही.

संस्कृतीचे कारण मला सर्वांत कमी पटते. कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे पूर्व आशियात भांडवलशाही रुजली नाही, असे मॅक्स वेबर म्हणत. कोरिया व तैवान पुढे गेल्यावर त्याच शिकवणीला श्रेय मिळाले. शिवाय उत्तर आणि दक्षिण कोरियाची भाषा, जेवण आणि पूर्वज एकच, आणि फाळणीच्या वेळी कारखाने जास्त होते ते उत्तरेत. भूगोलाचे कारण त्याहून दमदार आहे, समुद्रकिनारा नसणे आणि मलेरिया यांची किंमत खरोखर मोठी असते. पण बोट्सवाना भूवेष्टित आणि रुक्ष असूनही कित्येक दशके जगातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांत होता. तिथे स्वातंत्र्यानंतर वर्षभरात हिरे सापडले आणि त्या पैशाचा हिशेब सरकारने नीट ठेवला. विषमता मात्र तिथेही भयंकर आहे. संस्थांचे, म्हणजे कायदे, मालमत्तेचे हक्क आणि राज्यकारभाराचे नियम यांचे, महत्त्व दाखवल्याबद्दल अर्थशास्त्रज्ञ असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. त्यांचा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे, तरी ‘संस्था’ हा शब्द गाठोड्यासारखा वापरला जातो आणि जे समजत नाही ते त्यात बांधून ठेवले जाते, अशी माझी तक्रार आहे. पार्क यांची हुकूमशाही त्या गाठोड्यात कुठे बसवायची, हे परीक्षेत विचारले तर जपून लिहावे.

प्रश्न : गोव्याचे दरडोई उत्पन्न पाहता आमचे राज्य आजच उच्च-मध्यम गटात बसेल ना? आणि २०४७ पर्यंत भारत विकसित होईल, याचे गणित कसे मांडायचे?
— निवृत्त बँक अधिकारी, पणजी

उत्तर : माणशी पाच लाख रुपये धरले तरी सहा हजार डॉलर होतात आणि त्या गटाची खालची मर्यादा २०२४ च्या जुलैत ४,५१६ डॉलर होती, तेव्हा गोवा बसतो. मात्र राज्यात झालेल्या उत्पादनातला नफा राज्यातच राहतो असे नाही. आयर्लंडचे देशांतर्गत उत्पादन २०१५ मध्ये २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले होते, कारण काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटे आणि तत्सम मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली होती. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला आपल्या लोकांचे खरे उत्पन्न दाखवण्यासाठी वेगळेच माप तयार करावे लागले. गोव्याची स्थिती इतकी टोकाची नाही, पण औषधांच्या कारखान्यांचा आणि मोठ्या हॉटेलांचा नफा कुठे जातो, ते आपल्याला बँकेत बसून माझ्यापेक्षा जास्त दिसले असेल.

‘विकसित’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही. उच्च उत्पन्नाची मर्यादा धरली, तर त्याच वर्गीकरणात ती १४,००५ डॉलर होती आणि भारताचा २०२३ चा आकडा अडीच हजारांच्या थोडा वर होता, म्हणजे साडेपाच पट जायचे आहे. चोवीस वर्षांत ते गाठायला दरडोई वाढ दरवर्षी सात टक्क्यांहून थोडी जास्त हवी. पाच टक्क्यांनी गेलो, तर २०४७ मध्ये सव्वातीन पट होऊन आठ हजारांच्या पुढे असू आणि पल्ला गाठायला आणखी अकरा-बारा वर्षे लागतील. जागतिक महागाईप्रमाणे मर्यादाही दरवर्षी सरकते, म्हणून हे सगळे स्थिर किमतींत समजावे. एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. देश श्रीमंत होत जातो तशा तिथल्या सेवा महाग होतात आणि चलनाची खरी किंमत वाढते, त्यामुळे डॉलरमधला आकडा प्रत्यक्ष उत्पादनापेक्षा थोडा भरभर चढतो. न्यू जर्सीच्या वाचकांना साताऱ्यात केस कापायला हजार रुपये पडू लागतील, तेव्हा त्यांची तक्रार या सदराकडे अवश्य पाठवावी.